बर्फाने अडवलेली वाट

पृथ्वीच्या उत्तर टोकाभोवतीचा समुद्र वर्षातील बहुतेक महिने गोठलेला असतो. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात कित्येक आठवडे तो मावळत नाही. उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श केला, तर कातडी त्याला चिकटून सोलून निघावी, अशी तेथली थंडी. या गोठलेल्या समुद्रातून, अमेरिका खंडाच्या उत्तरेकडून, अटलांटिक महासागरातून पॅसिफिक महासागरात जाणारी जलवाट असली पाहिजे, अशी युरोपातील दर्यावर्दींची शेकडो वर्षांची समजूत होती. हिंदुस्थान आणि चीन या देशांकडे जाणाऱ्या त्यांच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून अनेक महिन्यांचा प्रवास करावा लागे. उत्तरेची वाट सापडली, तर हे अंतर पुष्कळ कमी होईल, अशी त्यांना आशा वाटत होती. या वाटेला वायव्य मार्ग असे नाव पडले. तिच्या शोधात अनेक शिडाची जहाजे निघाली आणि बर्फात अडकून पडली. या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते इंग्रज दर्यावर्दी म्हणजे सर जॉन फ्रँकलिन.

जॉन फ्रँकलिन यांचा जन्म १६ एप्रिल १७८६ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील स्पिल्सबी या लहानशा गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. बारा भावंडांत जॉन नववा. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. पण जॉनच्या मनाने समुद्राचा ध्यास घेतला होता. समुद्रावरचे कष्ट पाहिले की हे वेड उतरेल, या विचाराने वडिलांनी त्याला एका व्यापारी जहाजावरून सफरीला पाठवले. वेड उतरले नाही. उलट ते पक्के झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी जॉन ब्रिटिश नौदलात दाखल झाला. पंधराव्या वर्षी त्याने कोपनहेगनची लढाई पाहिली. त्यानंतर मॅथ्यू फ्लिंडर्स या नात्यातील दर्यावर्दीबरोबर तो ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे काढण्याच्या मोहिमेवर गेला. परतीच्या प्रवासात त्याचे जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटले, तरीही तो डगमगला नाही. १८०५ साली ट्रफाल्गारच्या प्रसिद्ध लढाईतही त्याने भाग घेतला. धीर, शिस्त आणि मनाचा सौम्यपणा हे त्याचे गुण या काळात सर्वांच्या लक्षात आले.

नेपोलियनविरुद्धचे युद्ध १८१५ साली संपले आणि ब्रिटिश नौदलातील अनेक अधिकारी रिकामे झाले. नौदल खात्याने आपले लक्ष ध्रुवीय प्रदेशाच्या शोधाकडे वळवले. १८१८ साली फ्रँकलिन एका जहाजाचे प्रमुख म्हणून उत्तर ध्रुवाकडे निघाले. पण बर्फाने त्यांना मागे लोटले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर अधिक अवघड कामगिरी सोपवण्यात आली. कॅनडाच्या आतील भागातून पायी आणि होडीने उत्तर किनारा गाठायचा आणि त्या अज्ञात किनाऱ्याचा नकाशा तयार करायचा, असे त्या कामगिरीचे स्वरूप होते.

या मोहिमेत डॉ. जॉन रिचर्डसन, जॉर्ज बॅक व रॉबर्ट हूड हे अधिकारी आणि जॉन हेपबर्न हा खलाशी असे चार ब्रिटिश सोबती होते. सामान वाहण्याची आणि होड्या वल्हवण्याची जड कामे कॅनडातील मजुरांकडे होती. त्या भागातील दोन व्यापारी कंपन्यांमध्ये वैर पेटलेले असल्यामुळे मोहिमेला पुरेसा शिधा आणि दारूगोळा मिळाला नाही. येलोनाइफ या स्थानिक जमातीचे प्रमुख अकाइचो यांनी आपले शिकारी मोहिमेच्या मदतीला दिले. त्या शिकाऱ्यांनी आणलेल्या कॅरिबू हरणांच्या मांसावरच सर्वांचा हिवाळा निभावला. उन्हाळा संपण्यापूर्वी परत फिरा, असा सल्ला अकाइचो यांनी वारंवार दिला होता. त्या भूमीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

१८२१ च्या उन्हाळ्यात फ्रँकलिन यांची तुकडी कॉपरमाइन नदीच्या मुखाशी पोहोचली. भूर्जाच्या सालीच्या दोन नाजूक होड्यांतून ती समुद्रात उतरली आणि पूर्वेकडे शेकडो किलोमीटर किनाऱ्याची पाहणी तिने केली. ऑगस्टचा मध्य उलटला, शिधा संपत आला, वादळे सुरू झाली. मग माघारी फिरण्याचा निर्णय झाला. तो उशिरा झाला होता. परतीची वाट उजाड माळरानातून होती. कॅरिबूंचे कळप दक्षिणेकडे निघून गेले होते. बर्फ पडू लागले. खडकांवर वाढणारे, दगडफुलाच्या जातीचे काळे शैवाक उकळून माणसे पोट भरू लागली. त्याने अनेकांच्या पोटात कळा येत. पुढे जुन्या जोड्यांचे चामडे भाजून खाण्याची वेळ आली. अशक्तपणामुळे माणसे वाटेतच कोसळू लागली. उपासमारीबरोबर संशयही शिरला. हूड आणि आणखी एक सोबती असे दोघे बंदुकीच्या गोळीने मृत्युमुखी पडले.

आपल्या जुन्या मुक्कामी, फोर्ट एंटरप्राइज येथे, अन्नाचा साठा ठेवलेला असेल, या एकाच आशेवर सर्व जण पाय ओढत होते. ऑक्टोबरमध्ये फ्रँकलिन तेथे पोहोचले, तेव्हा लाकडी खोल्या रिकाम्या होत्या. अकाइचो यांच्या लोकांवरही त्या वर्षी संकटे कोसळली होती. त्यांना साठा करता आला नव्हता. मागच्या हिवाळ्यात फेकून दिलेली हरणांची कातडी आणि हाडे उकरून काढून फ्रँकलिन आणि त्यांचे सोबती ती उकळून खाऊ लागले. बॅक यांनी पुढे जाऊन अकाइचो यांना गाठले आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांची माणसे मांस घेऊन आली. त्यांनी खोली झाडून स्वच्छ केली, चूल पेटवली आणि लहान मुलांना भरवावे तसे त्या अर्धमेल्या माणसांना भरवले. वाटचाल सुरू झाल्यावर त्यांनी बर्फावर चालण्याची आपली पादत्राणे पाहुण्यांच्या पायांत घातली आणि स्वतः त्यांच्याशिवाय बर्फ तुडवत, पडणाऱ्याला सावरत ते बाजूने चालले.

किनाऱ्यावर गेलेल्या वीस जणांपैकी अकरा जण मरण पावले. मृतांत हूड हे एकच अधिकारी होते. बाकीचे ओझी वाहणारे मजूर होते आणि एक दुभाषा होता. जड ओझी खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांचे शरीर आधी थकले. फ्रँकलिन १८२२ साली मायदेशी परतले, तेव्हा मात्र ते राष्ट्रीय वीर ठरले होते. आपले जोडे खाऊन जगलेला माणूस म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. त्यांचे प्रवासवर्णन घराघरांत वाचले गेले.

या अनुभवातून फ्रँकलिन शिकले. १८२५ ते १८२७ या काळातील दुसऱ्या मोहिमेसाठी त्यांनी मजबूत आणि हलक्या होड्या मुद्दाम बांधून घेतल्या, शिधा आधीच पुढे पाठवला आणि इनुइट दुभाषे बरोबर घेतले. इनुइट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या ध्रुवीय किनाऱ्यावर हजारो वर्षांच्या परंपरेने राहणारे लोक. १८२६ च्या ऑगस्टमध्ये धुके आणि बर्फ वाढल्याचे पाहून, ठरलेले ठिकाण गाठण्याचा मोह टाळून, फ्रँकलिन यांनी वेळीच माघार घेतली. किनाऱ्याच्या फार मोठ्या भागाचा नकाशा या मोहिमेने तयार केला. या यशासाठी त्यांना वैयक्तिक जीवनात मोठी किंमत मोजावी लागली. त्यांची पहिली पत्नी एलेनॉर ही कवयित्री होती. क्षयाने आजारी असलेल्या पत्नीला आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते निघाले होते. ते निघाल्यानंतर काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. ती बातमी त्यांना प्रवासात फार उशिरा समजली.

१८२८ साली त्यांनी जेन ग्रिफिन यांच्याशी विवाह केला. १८२९ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १८३७ ते १८४३ या काळात ते आजच्या टास्मानिया बेटाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. तेथे त्यांनी शिक्षण आणि विज्ञान यांना उत्तेजन दिले. परंतु वसाहतीतील अधिकाऱ्यांच्या कारस्थानांपुढे त्यांचा सरळ स्वभाव टिकला नाही. त्यांना परत बोलावण्यात आले आणि हा अपमान त्यांच्या मनाला लागून राहिला.

अशा वेळी नौदलाने वायव्य मार्गासाठी आणखी एक मोहीम ठरवली. व्यापाराच्या दृष्टीने या बर्फाळ वाटेचा फारसा उपयोग नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. तरीही नकाशावरील शेवटचा कोरा भाग भरून काढण्याचा मान देशाला हवा होता. फ्रँकलिन एकोणसाठ वर्षांचे होते. तरीही त्यांनी नेतृत्व आग्रहाने मागून घेतले. एरेबस आणि टेरर ही दोन जहाजे त्यांना मिळाली. शिडांच्या जोडीला त्यांत रेल्वेची वाफेची इंजिने बसवली होती. नाळेवर लोखंडी पत्रे ठोकले होते. तीन वर्षांचा शिधा, मांसाचे आणि भाज्यांचे हजारो हवाबंद डबे, लिंबाचा रस, चांदीचे काटे-चमचे आणि मोठे ग्रंथालय, असा सारा सरंजाम होता. जणू इंग्लंडचा एक तुकडाच बर्फाकडे निघाला होता. मात्र केसाळ कातड्याचे कपडे, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि सील मारणारे स्थानिक शिकारी यांपैकी काहीही त्यात नव्हते. दुसऱ्या मोहिमेत कामी आलेली शिकवण जहाजांच्या भव्यतेपुढे मागे पडली.

१९ मे १८४५ रोजी जहाजांनी इंग्लंड सोडले. ग्रीनलंडहून पाच जण परत पाठवण्यात आले आणि १२९ माणसे पुढे गेली. जुलैअखेर देवमासे पकडणाऱ्या जहाजांवरील लोकांनी त्यांना बॅफिन उपसागरात पाहिले. त्यानंतर कोणत्याही युरोपीय माणसाला ती जिवंत दिसली नाहीत.

पहिला हिवाळा बीची बेटाजवळ गेला. तेथे तीन तरुणांना गोठलेल्या जमिनीत पुरावे लागले. १८४६ च्या उन्हाळ्यात जहाजे दक्षिणेकडे वळली आणि किंग विल्यम बेटाच्या वायव्येस आली. त्या काळच्या नकाशांत हे बेट मुख्य भूमीला जोडलेले दाखवले होते. त्यामुळे बेटाच्या पूर्वेकडील सुरक्षित वाट कोणी शोधली नाही. पश्चिमेकडे मात्र दूरच्या समुद्रातून वाहत आलेले जाड बर्फ दाटून बसते. १२ सप्टेंबर १८४६ रोजी दोन्ही जहाजे त्यात अडकली. पुढचा उन्हाळा आला, पण बर्फ सुटले नाही. ११ जून १८४७ रोजी फ्रँकलिन यांचे निधन झाले.

बर्फात अडकलेल्या शिडाच्या जहाजावरचे जीवन अतिशय कष्टाचे असे. महिनोन्महिने अंधार असे. श्वासातील ओलावा भिंतींवर आणि अंथरुणांवर गोठून बसे. बर्फाच्या दाबाने लाकडी सांगाडा रात्रंदिवस करकरत राही. ताजे अन्न नसल्यामुळे स्कर्वी हा रोग होई. त्यात हिरड्या सुजतात, दात हलू लागतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस झिजत जातो. लिंबाच्या रसाने तो टळतो. पण वर्षानुवर्षे साठवलेल्या रसातील गुण कमी होत जातो. इनुइट लोकांना हा रोग क्वचितच होई. कारण ताजे आणि कच्चे मांस त्यांच्या रोजच्या आहारात असे आणि त्यातून आवश्यक जीवनसत्त्व त्यांना मिळे.

एप्रिल १८४८ पर्यंत चोवीस जण मरण पावले होते. उरलेल्या १०५ जणांनी कॅप्टन फ्रान्सिस क्रोझियर यांच्या नेतृत्वाखाली जहाजे सोडली आणि दक्षिणेकडील नदीच्या दिशेने पायी वाटचाल सुरू केली. लाकडी घसरगाड्यांवर जड होड्या ठेवून त्या दोरांनी ओढत ते चालले. त्या होड्यांत पुस्तके, रेशमी रुमाल आणि चांदीचे चमचेही होते. काही इनुइट कुटुंबांना हे लोक वाटेत भेटले. त्यांनी आपल्याजवळचे सीलचे मांस त्यांना दिले. पण इनुइट लोक लहान लहान गटांनी राहत; कारण त्या भूमीत एका जागी थोड्याच माणसांचे पोट भरते. एवढ्या मोठ्या तुकडीला पोसणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. एकेक करून सर्व माणसे संपली. एकही घरी परतला नाही.

इंग्लंडमध्ये लेडी जेन फ्रँकलिन वाट पाहत होत्या. तीन वर्षे उलटली तरी काही कळेना, तेव्हा त्यांनी सरकारच्या मागे तगादा लावला. शोधासाठी वीस हजार पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. अनेक जहाजे निघाली आणि त्यांच्या शोधकार्यातून कॅनडाच्या उत्तरेकडील असंख्य बेटांचे नकाशे तयार झाले. १८५४ साली डॉ. जॉन रे यांना पहिली निश्चित बातमी मिळाली. व्यापारी कंपनीत नोकरी करणाऱ्या या डॉक्टरांनी बर्फाची घरे बांधणे, शिकार करून जगणे आणि कमी सामानानिशी प्रवास करणे ही विद्या स्थानिक लोकांकडून शिकून घेतली होती. भेटलेल्या इनुइटांनी त्यांना सांगितले, की सुमारे चाळीस गोरे लोक होडी ओढत दक्षिणेकडे जाताना काही कुटुंबांना दिसले होते आणि पुढे ते भुकेने मरण पावले. शेवटच्या टप्प्यात काहींनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ल्याचेही त्यांनी सांगितले. रे यांनी त्यांच्याकडून फ्रँकलिन यांचे एक सन्मानचिन्ह आणि चांदीचे चमचे विकत घेतले.

ही बातमी इंग्लंडला सहन झाली नाही. लेडी फ्रँकलिन संतापल्या. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी इनुइट लोकांना अविश्वासू ठरवून त्यांच्या साक्षीवर कठोर टीका केली. रे यांना बक्षिसातील दहा हजार पौंड मिळाले. पण इतर ध्रुवीय संशोधकांना मिळालेला सर हा किताब त्यांना कधीच मिळाला नाही. लेडी फ्रँकलिन यांनी स्वतःच्या आणि देणगीदारांच्या पैशाने फॉक्स नावाचे जहाज पाठवले. १८५९ साली त्यावरील लोकांना किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात एक कागद सापडला. फ्रँकलिन यांच्या मृत्यूची तारीख आणि जहाजे सोडल्याची हकिकत त्यावर लिहिलेली होती. पतीच्या शोधासाठी त्यांनी दाखवलेल्या चिकाटीचा गौरव म्हणून १८६० साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जेन फ्रँकलिन यांना सुवर्णपदक दिले.

फ्रँकलिन यांचे प्रवासवर्णन वाचून नॉर्वेतील एका मुलाच्या मनात ध्रुवीय प्रवासाची ओढ निर्माण झाली होती. त्याचे नाव रोआल्ड अमुंडसेन. १९०३ साली ते सहा सोबत्यांसह योआ या लहानशा जहाजातून निघाले आणि किंग विल्यम बेटाच्या पूर्वेकडील वाटेने गेले. त्याच बेटावर त्यांनी जवळजवळ दोन वर्षे मुक्काम केला. तेथील इनुइटांकडून ते कातड्याचे कपडे वापरायला, कुत्र्यांच्या गाड्या हाकायला आणि थंडीशी जुळवून घ्यायला शिकले. १९०६ साली त्यांनी वायव्य मार्ग संपूर्णपणे जहाजाने पार केला. जेथे १२९ माणसे दोन मोठ्या जहाजांसह नाहीशी झाली, तेथे अमुंडसेन यांच्या सात माणसांच्या तुकडीने दोन हिवाळे सुखरूप काढले.

फ्रँकलिन यांच्या जहाजांचा शोध पुढेही चालू राहिला. मोहिमेतील माणसांच्या हाडांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांवर सुरीच्या खुणा आढळल्या. इनुइटांनी रे यांना खरे तेच सांगितले होते. एक जहाज बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात बुडाले, असे इनुइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. २०१४ साली त्याच भागात एरेबस सापडले. २०१६ साली एका इनुइट शिकाऱ्याने आपण पाहिलेल्या डोलकाठीसारख्या लाकडाची माहिती दिली आणि बेटाच्या नैर्ऋत्येकडील एका उपसागराच्या तळाशी टेरर सापडले. ज्यांच्या शब्दावर इंग्लंडने विश्वास ठेवला नव्हता, त्यांच्याच आठवणींनी संशोधकांना त्या जहाजांपर्यंत नेले.

सर जॉन फ्रँकलिन धैर्यवान होते, कर्तव्यनिष्ठ होते आणि त्यांच्या माणसांचे त्यांच्यावर प्रेम होते. तरीही बर्फाच्या प्रदेशात एवढे पुरेसे नव्हते. १८२१ साली त्यांचे प्राण वाचले, ते तेथे राहणाऱ्या माणसांमुळे. १८४५ च्या मोहिमेजवळ मजबूत जहाजे होती, भरपूर सामान होते; पण त्या माणसांच्या ज्ञानाला तीत जागा नव्हती. परक्या भूमीत पाऊल टाकणाऱ्याने तेथील माणसांकडून शिकण्याची तयारी ठेवली पाहिजे, हा धडा फ्रँकलिन यांच्या आयुष्याने आणि मृत्यूने पुढच्या पिढ्यांसाठी मागे ठेवला.